लेखी हमी : टोलेडोचा 1883 चा विजेता मोसम

1883 च्या मोसमातली टोलेडो या अमेरिकन बेसबॉल संघाची पहिली लढत मैदानावर झालीच नाही. ती झाली 14 मार्चला, नॉर्थवेस्टर्न लीगच्या कार्यकारी समितीच्या बैठकीत. पिओरियाच्या प्रतिनिधीने ठराव मांडला की लीगमधल्या कुठल्याही संघाने काळ्या खेळाडूला घेऊ नये. ठरावाचा रोख कुणावर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. टोलेडोने नुकताच एक कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, करारबद्ध केला होता, मोझेस फ्लीटवूड वॉकर, आणि तो कृष्णवर्णीय होता. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठराव मागे घेण्यात आला.

फेटाळला गेला नाही, मागे घेतला गेला. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे, आणि हे सगळं प्रकरण मला त्या फरकातच दिसतं. फेटाळलेल्या ठरावाचा निकाल लागलेला असतो. मागे घेतलेला ठराव खिशात राहतो, वेळ आली की पुन्हा बाहेर काढता येतो. त्या वर्षी तो खिशात राहिला म्हणून टोलेडोला आपला कॅचर खेळवता आला आणि विजेतेपद मिळालं. चार वर्षांनी दुसऱ्या एका लीगमध्ये तसाच ठराव बाहेर आला आणि मंजूर झाला. मधल्या काळात काय काय घडत गेलं, ते टोलेडोच्या निमित्ताने बारकाईने पाहता येतं.

लीग आणि गाव

टोलेडो हे ओहायो राज्यातलं, मॉमी नदीच्या मुखाशी, ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेलं रेल्वेचं गाव. 1880 च्या जनगणनेत वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. नॉर्थवेस्टर्न लीग 1883 साली नव्याने उभी राहिली होती. टोलेडो, सॅगिनॉ, बे सिटी, ग्रँड रॅपिड्स, फोर्ट वेन, पिओरिया, क्विन्सी आणि स्प्रिंगफील्ड असे आठ संघ, सगळे ओहायो, मिशिगन, इंडियाना आणि इलिनॉय या चार राज्यांतले. आज नकाशात ‘नॉर्थवेस्ट’ म्हटलं की डोळ्यांपुढे सिअ‍ॅटल येतं, पण तेव्हाच्या अमेरिकनांना हाच भाग वायव्य वाटायचा.

बेसबॉलच्या इतिहासात ही लीग एका कागदामुळे महत्त्वाची ठरली. 1883 च्या सुरुवातीला नॅशनल लीग, अमेरिकन असोसिएशन आणि नॉर्थवेस्टर्न लीग यांनी मिळून एक त्रिपक्षीय करार केला. एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत, प्रत्येक संघाने अकरा खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचे, आणि वेतनाची किमान पातळी पाळायची. ती पातळी वरच्या दोन लीगसाठी 1000 डॉलर होती आणि नॉर्थवेस्टर्नसाठी 750. वरच्या लीगने खालच्या लीगला अशी रीतसर मान्यता देण्याची ही पहिली वेळ. म्हणूनच बरेच अभ्यासक या लीगला पहिली खरी मायनर, म्हणजे खालच्या पातळीची, लीग मानतात. ‘मायनर’ या शब्दाला जो अर्थ आला तो या 250 डॉलरच्या फरकातून आला, असं मला वाटतं.

सॅगिनॉसारखे प्रतिस्पर्धी कच्चे नव्हते. तिथे जॉन क्लार्क्सन हा तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता, जो पुढे शिकागो आणि बोस्टनसाठी खेळून हॉल ऑफ फेममध्ये गेला. टोलेडोकडे कर्ट वेल्चसारखा चपळ आउटफील्डर होता, त्यालाही पुढे सेंट लुईसमध्ये मोठं नाव मिळालं. पण संघाचा कणा पिचरच्या समोर, बॅटरच्या मागे बसत होता.

फ्लीट

वॉकरचा जन्म ओहायोतल्या माउंट प्लेझंटचा. वडील डॉक्टर होते. घर पुढे स्ट्यूबेनव्हिलला हललं. फ्लीट ओबरलिन कॉलेजात शिकला, 1881 साली तिथल्या कॉलेजच्या संघात खेळला, मग मिशिगन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करत असताना तिथेही कॅचर झाला.

ओबरलिनबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. या कॉलेजने 1835 पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. गाव गुलामीविरोधी चळवळीचं होतं, दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना कॅनडाकडे पोचवण्याच्या वाटेवरचं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. ती अर्पणपत्रिका वाचताना मला नेहमी अशीच गावं डोळ्यांपुढे येतात. तिला दहा वर्षं झाली तेव्हा त्याच गावातून शिकून बाहेर पडलेला हा मुलगा टोलेडोच्या मैदानावर उभा होता. त्या लोकांनी लावलेलं झाड कितपत वाढलं होतं, याचा हा एक पुरावाच म्हणायचा.

पण ओबरलिनची वेस ओलांडली की काय होतं ते वॉकरला 1881 च्या ऑगस्टमध्येच कळलं होतं. क्लीव्हलंडच्या एका शिलाई मशीन कंपनीच्या संघातून तो केंटकीतल्या लुईव्हिलला खेळायला गेला. सकाळी हॉटेलात त्याला न्याहारी द्यायला नकार मिळाला. दुपारी मैदानावर यजमान संघाने हरकत घेतली, म्हणून त्याला बाहेर बसवलं. त्याच्या जागी उभ्या केलेल्या कॅचरचे हात एका डावातच इतके सुजले की तो पुढे यायला तयार होईना. मग वॉकरला बोलावलं. तो सरावाचे चेंडू झेलायला लागला, आणि यजमान खेळाडू पुन्हा अडून बसले. अखेर क्लीव्हलंडचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू कॅचर म्हणून उभा राहिला. वॉकर परत बाहेर.

हे वाचताना मराठी माणसाला पालवणकर बाळू आठवणार नाहीत असं होणार नाही. पुण्यात त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सामने जिंकायचे आणि चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा द्यायचा. मैदानावर चालतो, पंगतीला चालत नाही. लुईव्हिलमध्ये तर मैदानावरही चालला नाही.

1883 साठी टोलेडोचा व्यवस्थापक होता विल्यम व्होल्ट्झ. तो आधी क्लीव्हलंडमध्ये क्रीडा वार्ताहर होता आणि ओबरलिनपासून वॉकरचा खेळ त्याने पाहिलेला होता. त्याला चांगला कॅचर हवा होता आणि चांगला कॅचर कोण हे त्याला ठाऊक होतं. मोसमाच्या मध्यात व्होल्ट्झने संघ सोडला आणि चार्ली मॉर्टनकडे संघ आला. निवड मात्र व्होल्ट्झची होती. तिचं श्रेय त्याला मिळायलाच हवं.

हात

इथे जरा थांबतो, कारण या मोसमाचं खरं मोल कॅचरच्या हातांशिवाय कळत नाही.

मी कित्येक वर्षं क्लब क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण केलं. इनर, त्यावर ग्लोव्हज, आणि तरीही मोसमाच्या शेवटी माझी करंगळी वाकडी झालेली असायची, आजही ती सरळ होत नाही. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची, आणि वेगवान गोलंदाज असला की आपण आणखी मागे जातो. 1883 मध्ये पिचर 50 फुटांवरून चेंडू टाकत असे. त्याच वर्षी वरच्या लीगमध्ये हात खांद्यापर्यंत उचलून टाकायला परवानगी मिळाली, त्यामुळे वेग आणखी वाढला. बेसवर धावपटू असला की कॅचरला बॅटरच्या अगदी पाठीशी उभं राहावं लागे. तोंडावर तारांची जाळी असे, ती नुकतीच काही वर्षांपूर्वी आली होती. पायाला पॅड नव्हते. आणि हात?

टोलेडोच्या बॅटबॉयने पुढे कित्येक वर्षांनी आठवण सांगितली आहे. वॉकर कधीमधी मेंढीच्या कातड्याचे साधे हातमोजे घालायचा, बोटांपाशी कापलेले आणि तळहाताला जरासं अस्तर लावलेले. बहुतेक वेळा मात्र उघड्या हातांनीच झेलायचा.

अशा अवस्थेत त्याने टोलेडोच्या 84 पैकी 60 सामन्यांत खेळ केला आणि बॅटिंगची सरासरी .251 राखली, म्हणजे दर चार संधींत साधारण एक यशस्वी फटका. बॅटिंगचा आकडा मध्यम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्या काळी कॅचरला बॅटिंगवर कुणी मोजत नव्हतं. चेंडू अडवणारा आणि पिचरला मोकळेपणाने टाकू देणारा माणूस मागे असला तरच पिचर पूर्ण जोर लावायचा. बरेच संघ दोन-तीन कॅचर आलटून पालटून वापरायचे, कारण एकाचे हात पुरायचेच नाहीत. साठ सामने हा माझ्या मते त्या मोसमातला सगळ्यात मोठा आकडा आहे, विजयांच्या आकड्याहूनही.

10 ऑगस्ट

ऑगस्टमध्ये शिकागोचा व्हाइट स्टॉकिंग्ज संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी टोलेडोला आला. 1880, 1881 आणि 1882 असे लागोपाठ तीन वर्षं नॅशनल लीगचे विजेते. कर्णधार कॅप ॲन्सन, त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. असा संघ लहान गावात आला की तिकीटबारीवर झुंबड उडायची, आणि छोट्या क्लबची महिन्याभराची तोंडमिळवणी एका दुपारी व्हायची.

ॲन्सनने आल्या आल्या सांगितलं की संघात तो काळा खेळाडू असेल तर आम्ही उतरणार नाही.

यात एक बाब अशी की वॉकर त्या दिवशी खेळणारच नव्हता. त्याचा हात दुखावला होता आणि मॉर्टनने त्याला विश्रांती द्यायचं आधीच ठरवलं होतं. ॲन्सनने तोंड उघडलं नसतं तर त्याला जे हवं होतं ते आपसूक मिळालं असतं. पण त्याला वॉकर बाहेर बसलेला नको होता, तो आपल्या हुकमावरून बाहेर बसलेला हवा होता. मॉर्टनने हे ओळखलं. त्याने वॉकरला पोशाख चढवायला सांगितलं, राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, उभं केलं, कारण दुखऱ्या हाताने कॅचिंग शक्य नव्हतं, आणि ॲन्सनला कळवलं की खेळायचं नसेल तर गेटच्या पैशातला वाटा मिळणार नाही.

ॲन्सनने शिव्या दिल्या, आणि मैदानात उतरला. सामना नेहमीचे नऊ डाव उलटून दहाव्या डावापर्यंत गेला. शिकागो 7-6 असा जिंकला.

ॲन्सनला दक्षिणेतला म्हणून बाजूला काढता येत नाही. तो आयोवाचा होता, गुलामी कधीच नसलेल्या राज्यातला. आणि त्या दुपारी त्याला माघार घ्यावी लागली ती कुणाच्या न्यायबुद्धीमुळे नव्हे. लोक तिकीट काढून बसले होते, वॉकर पोशाखात उभा होता, आणि नकाराची किंमत डॉलरमध्ये समोर दिसत होती. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, त्याच क्षणी बोलावं लागलं. माझ्या मते मॉर्टनने त्या दिवशी जे केलं ते त्या शतकातल्या बेसबॉलमध्ये फार थोड्या व्यवस्थापकांना जमलं. त्याच्या मनात वॉकरबद्दलची आस्था किती आणि अपमानाचा राग किती, हे मोजून वेगळं करता येणार नाही. मला त्याची गरजही वाटत नाही.

विजेतेपद, आणि त्यानंतरचे पंधरवडे

टोलेडोने मोसम 56 विजय आणि 28 पराभवांवर संपवला. तीनपैकी दोन सामने जिंकून नॉर्थवेस्टर्न लीगचं पहिलं विजेतेपद घेतलं.

त्याच शरद ऋतूत, 15 ऑक्टोबर 1883 ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1875 चा नागरी हक्क कायदा मोडीत काढला. हॉटेलं, नाट्यगृहं, वाहनं यांत रंगावरून भेद करायला त्या कायद्याने बंदी होती. न्यायालय म्हणालं, खाजगी मालक काय करतो त्यात संघराज्याला हात घालता येणार नाही. आठ विरुद्ध एक. विरोधातले एकटे न्यायमूर्ती हार्लन, तेही केंटकीचे, ज्या राज्यात वॉकरला न्याहारी मिळाली नव्हती. कायदा अंमलात असतानाही लुईव्हिलचं हॉटेल नाही म्हणालंच होतं. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याला तोवर निदान बेकायदा वागतोय हे ठाऊक होतं. आता तेही उरलं नाही.

आणि याच सुमारास टोलेडोला बढती मिळाली. अमेरिकन असोसिएशन 1884 साठी बारा संघांची होत होती. ब्रुकलिन, इंडियानापोलिस आणि वॉशिंग्टनबरोबर टोलेडोलाही घेतलं गेलं. विजेता संघ, खेळाडू तयार, गावात उत्साह. मायनर लीगमधल्या क्लबला आणखी काय हवं असतं?

या बढतीचा एक हिशेब मात्र कुणी मांडला असेल असं दिसत नाही. नॉर्थवेस्टर्न लीगचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे इलिनॉयचं स्प्रिंगफील्ड, लिंकनचं गाव. असोसिएशनच्या वेळापत्रकात लुईव्हिल होतं, सेंट लुईस होतं, बाल्टिमोर होतं, ऑगस्टपासून रिचमंडही आलं. वॉकरसाठी खेळाची पातळी एक पायरी चढली आणि रस्ता कित्येक पायऱ्या उतरला. 1 मे 1884 ला तो वरच्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला ते नेमकं लुईव्हिलमध्येच. तीन वर्षांपूर्वी त्याला सामन्याबाहेर ठेवलं होतं, त्याच शहरात. त्या दिवशी क्षेत्ररक्षणात त्याच्याकडून चार चुका झाल्या. त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार न करता तो आकडा नुसता उद्धृत केला जातो, याचं मला वाईट वाटतं.

पत्र

आता या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा कागद.

1884 च्या जुलैत शिकागो पुन्हा टोलेडोला यायचं होतं. या वेळी ॲन्सन मैदानावर येऊन शिव्या देणार नव्हता. एप्रिलमध्येच, म्हणजे सामन्याच्या तीन महिने आधी, शिकागो क्लबच्या कार्यालयातून मॉर्टनला पत्र आलं. आशय असा : आमच्या खेळाडूंची ठाम हरकत आहे, संघातली एकी टिकवायची आहे, तेव्हा 25 जुलैच्या सामन्यात वॉकर कुठल्याच जागी खेळणार नाही अशी लेखी हमी द्या. तुमच्या पत्राचा अर्थ तोच असणार याबद्दल शंका नाही, फक्त ते पुरतं स्पष्ट लिहिलेलं नाही. गेल्या मोसमात घडलं तसं पुन्हा व्हायला नको.

भाषा किती सभ्य आहे पाहा. यात शिवी नाही, धमकी नाही, आवाज चढलेला नाही. मैदानावर जो माणूस हरला त्याची मागणी आता पत्रव्यवहारातून, तारखेसकट आली. प्रेक्षक नाहीत, तिकिटं विकलेली नाहीत, गेटचा पैसा पणाला लागलेला नाही, पोशाख घालून समोर उभा असलेला वॉकर नाही. मॉर्टनच्या आधीच्या पत्रातही काहीतरी गुळमुळीत कबुली होती, असं या पत्रावरूनच दिसतं. जुलैचा सामना झाला. वॉकर खेळला नाही.

ज्या माणसाने ऑगस्टमध्ये भर मैदानात पाय रोवले तोच एप्रिलमध्ये टेबलाशी बसून ढिला पडला. मी मॉर्टनला दोष द्यायला निघालेलो नाही. पण नकार तोंडावर द्यावा लागतो तेव्हा देणाऱ्यालाही तो जड जातो, आणि कागदावर आला की दोन्ही बाजूंना सोपा होतो. हे आपण घरभाड्याच्या चौकशीपासून लग्नाच्या बायोडाटापर्यंत सगळीकडे पाहतो.

संघाच्या आतही कठीण होतं. 1884 साठी आलेला टोनी मुलेन हा अफाट पिचर. टोलेडोने त्या वर्षी 46 सामने जिंकले, त्यातले 36 एकट्या मुलेनचे. 1919 साली त्यानेच कबूल केलं की वॉकर हा त्याला लाभलेला सर्वोत्तम कॅचर होता, पण काळ्या माणसाचं ऐकायचं नाही म्हणून तो वॉकरच्या खुणा (कुठला चेंडू टाकायचा ते सांगणाऱ्या) पाहायचाच नाही, मनाला येईल तो चेंडू टाकायचा. एकदा वॉकरने कर्व्हची, म्हणजे वळणाऱ्या चेंडूची, खूण केली आणि मुलेनने सरळ वेगाचा चेंडू मारला. वॉकरने तो अडवला, चालत पिचरपाशी आला आणि म्हणाला की खुणांशिवाय झेलीन, पण मी खूण करायची आणि तू उलटं टाकायचंस हे चालणार नाही. त्यानंतर मोसमभर त्याने मुलेनचे चेंडू खुणांशिवाय झेलले.

यष्टिरक्षकाला गोलंदाज काय टाकणार हे ठाऊक नसलं की काय होतं, ते ज्याने गुगली छातीवर घेतलीय त्यालाच कळेल. आणि ग्लोव्हज असताना!

जुलैमध्ये चेंडू लागून वॉकरची बरगडी मोडली. सप्टेंबरमध्ये त्याला करारातून मोकळं केलं गेलं. 42 सामने, सरासरी .263. त्याचा धाकटा भाऊ वेल्डी याच मोसमात पाच सामने खेळला. सप्टेंबरमध्येच रिचमंडहून मॉर्टनला आणखी एक पत्र आलं : वॉकर पोशाख घालून मैदानावर आला तर 75 माणसं त्याच्यावर तुटून पडायला तयार आहेत. टोलेडो रिचमंडला खेळायला गेलं तोवर वॉकर संघातच नव्हता. टोलेडो आठव्या क्रमांकावर राहिलं, पैसा संपला, क्लब बंद पडला. नॉर्थवेस्टर्न लीगही 1884 च्या मोसमातच कोलमडली होती. विजेतेपदाचं सगळं भांडवल एका वर्षात संपलं.

न्यूअर्क आणि बफेलो

वॉकर खेळत राहिला. क्लीव्हलंड, वॉटरबरी, मग 1887 मध्ये इंटरनॅशनल लीगमधलं न्यूअर्क. तिथे जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय डावखुरा पिचर आणि वॉकर कॅचर, अशी जोडी.

14 जुलै 1887 ला शिकागोचा संघ न्यूअर्कला प्रदर्शनीय सामन्यासाठी आला. ॲन्सन पुन्हा अडला. या वेळी मॉर्टन नव्हता. स्टोव्ही आणि वॉकर दोघेही बाहेर बसले, सामना झाला.

आणि त्याच दिवशी बफेलोमध्ये इंटरनॅशनल लीगच्या संचालकांची बैठक भरली. यापुढे काळ्या खेळाडूंचे नवे करार मंजूर करायचे नाहीत, असा ठराव. मतं सहा विरुद्ध चार. ज्या चार क्लबांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते ते विरोधात गेले. ज्या सहांकडे एकही नव्हता, त्यांनी तो मंजूर केला. चार वर्षांपूर्वी पिओरियाने खिशात घातलेला ठराव जणू पुन्हा टेबलावर आला, आणि या वेळी कुणी मागे घेतला नाही.

जुने करार चालू राहिले, म्हणून वॉकर पुढे सिरॅक्यूजकडून खेळू शकला. 1888 मध्ये सिरॅक्यूजने विजेतेपद मिळवलं, वॉकरचं दुसरं. 1889 नंतर तो त्या लीगमध्ये दिसला नाही आणि त्याच्यानंतर त्याच्या रंगाचं कुणीही नाही, तब्बल 57 वर्षं. 1946 च्या एप्रिलमध्ये त्याच लीगमधल्या मॉन्ट्रियल रॉयल्सच्या दुसऱ्या बेसवर जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू उभा राहिला, आणि त्या वर्षीचं विजेतेपद मॉन्ट्रियलने जिंकलं.